आक्काताईची पडवी

मी बावीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. पहिलीचा मास्तर म्हटलं की त्र्यंबक गुरुजी, असं आमच्या भागात लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? पण आज लिहायला बसलोय ते माझ्याबद्दल नाही. आमच्या शाळेत पाणी भरायला एक बाई होती, आक्काताई. तिच्याबद्दल लिहायचंय. आता तिच्याबद्दल लिहायचं तर मधेमधे मी येणारच, आणि जिथं येईन तिथं तोंड लपवावंसं वाटणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आक्काताई गडहिंग्लजच्या पलीकडची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अंगावर बारा महिने तीच विटकी इरकली. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, पोटी काही नव्हतं, म्हणून भावाच्या आसऱ्याला कोल्हापुरात आली. भावजयीच्या घरात बसून खायला नको म्हणून शाळेत पाणी भरायला आणि घंटा द्यायला लागली. आळीतल्या बायकांची बाळंतपणंही तीच करायची. अक्षरओळख नव्हती. हजेरीला अंगठा उठवायची.

शाळा गंगावेशीच्या अंगाला, स्कूल बोर्डाची. चार खोल्या आणि मागं पत्र्याची पडवी. पडवीत पाण्याचे रांजण. त्या वेळी मुली शाळेला एकट्या येत नसत, काखेत धाकटं भावंड घेऊन येत. आई शेंगा फोडायला नाहीतर भाजी विकायला गेलेली, मग पोराला सांभाळणार कोण? माझा नियम कडक होता. काखेत पोर दिसलं की चल घरी. पोर घरी जायचं आणि त्याला घेऊन पटावरची मुलगीही घरी जायची. चार दिवस असं झालं की मुलीचं नावच कटायचं. मला त्याचं काही वाटत नसे. शाळा म्हणजे काय पाळणाघर आहे का, असं मी वर तोंड करून म्हणायचो.

आक्काताईनं कुणाला न विचारता एक केलं. दारातच मुलींच्या काखेतली पोरं उतरवून घ्यायला लागली आणि पडवीत नेऊन बसवायला लागली. आधी दोन होती, मग पाच, मग बारा-तेरा. मुली वर्गात टिकायला लागल्या. पट सुधारला म्हणून हेडमास्तर नृसिंहरावांनी तिकडं काणाडोळा केला. मी मात्र त्या पडवीला पांजरपोळ म्हणायचो. तिच्यासमोर म्हणायचो. ती नुसती हसायची.

काय करायची ती पोरांना घेऊन? सांगतो. मी आमच्या वर्गाच्या मागच्या खिडकीतून चोरून बघायचो. रांजणातलं पाणी एवढ्याशा तांब्यानं बादलीत घालायला लावायची. सांडलं तर सांडलं. चिंचोके पसरायची आणि काळे एकीकडं, तांबडे एकीकडं करायला सांगायची. अडीच वर्षांचं पोर केरसुणी घेऊन झाडायला लागलं तर हातातनं काढून घेत नसे. मुंग्यांची रांग लागली की सगळी पलटण उकिडवी बसून मुंग्या बघायची. आणि एक गोष्ट, जी मी बावीस वर्षांत कधी केली नाही. ती पोराला काही विचारायची आणि मग गप्प बसायची. उत्तर येईपर्यंत. दोन वर्षांचं पोर तोंडातल्या तोंडात घोळवतंय, इकडं बघतंय, तिकडं बघतंय, आणि ही बाई जगात दुसरं काम नसल्यासारखी त्याच्या तोंडाकडं बघत बसलेली. मी असतो तर तेवढ्यात तीनदा ओरडलो असतो.

तिच्या पडवीतून पहिलीत आलेली पोरं वेगळी ओळखू यायची. रडत नसत. पाच म्हणजे पाच खडे, हे त्यांना ठाऊक असायचं. न कळलं तर विचारायची. दिपोटी साहेब तपासणीला आले की हीच पोरं पुढं बसवून मी शाबासकी घ्यायचो. हे कुणामुळं, असं साहेबांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

आता हौसाची गोष्ट.

हौसा पिराजीची धाकटी. पिराजी शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हमाल होता. थोरली पोरगी आमच्याकडं तिसरीत होती, ती हौसाला काखेत घेऊन यायची आणि पडवीत सोडायची. हौसा अंगानं काटकुळी, पण उंच, आणि हात तर असे लांब की नुसते लोंबायचे. तोंड म्हणजे अखंड चालू. चिमणी पाणी पिताना मान वर का करते, रांजणाला घाम का येतो, गुरुजींच्या टोपीखाली काय असतं. सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा आवाज. मला तिचा वैताग यायचा. दोनदा खिडकीतून दम भरला होता.

त्रेपन्न सालच्या जूनमध्ये माझ्या वर्गाचा पट कमी भरला. चाळीसला दोन कमी. चाळीस झाले नाहीत तर पहिलीची एक तुकडी बंद, आणि तुकडी बंद म्हणजे एक मास्तर जादा. तो जादा मास्तर मी असणार आणि माझी बदली आजऱ्याला होणार, हे नृसिंहरावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. कोल्हापूर सोडून मी कधी राहिलो नव्हतो. दोन दिवस घरोघर हिंडलो, एक पोर मिळालं. एक कमी. तसाच तणतणत शाळेत आलो आणि मागच्या खिडकीतून मला हौसा दिसली.

पोरांच्या जन्माची नोंद बहुतेकांकडं नसायची, त्यामुळं वय ठरवायची आमची एक रीत होती. पोरानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. बोटं कानाला पोचली की पोर सहा वर्षांचं. नाही पोचली की पुढच्या वर्षी या. मी पडवीत गेलो आणि हौसाला म्हटलं, कान धर बघू. तिनं तो लांबलचक हात डोक्यावरून नेला आणि कान धरला. धरून वर हसली. तिला वाटलं खेळ आहे.

आक्काताई हातातली घागर खाली ठेवून पुढं आली. "गुरुजी, लेकरू चारचं हाय. संस्थान इलीन झालं त्या आठवड्यात जलमलंय. म्याच नाळ कापलीया."

संस्थान विलीन झालं एकोणपन्नासच्या मार्चात. मी गणित शिकवणारा माणूस. हिशेब मला बोटं न मोडता आला. चार वर्षं आणि तीन महिने. तरी मी तिच्यावर खेकसलो की वय तू ठरवणार का मी, घागरी भरायच्या सोडून शाळेच्या कारभारात तोंड घालू नकोस. ती म्हणाली की हात लांब असला म्हणून पोर मोठं होत नसतं. मी तिला आणखी दोन शब्द सुनावले. पोरं घाबरून तिच्या पदराआड गेली.

रजिस्टरात मी लिहिलं, जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्तेचाळीस. अडतीवर जाऊन पिराजीचा अंगठा घेतला. पोरगी शाळेत घेतली म्हणून तो माझ्या पाया पडला. मला गुळाचा खडा दिला आणि तो मी चघळत घरी आलो. माझी बदली टळली.

हौसा पहिलीत आली ती उड्या मारत. पहिल्या दिवशी तिनं मला पाच-सहा प्रश्न विचारले. मी म्हटलं, हाताची घडी, तोंडावर बोट. तिला वाटलं थोडा वेळच. थोड्या वेळानं तिनं बोट काढलं आणि पुन्हा विचारलं. मग मी पट्टी हातात घेतली.

तिच्या बोटांत पेन्सिल धरत नव्हती. मुठीत धरायची आणि पाटीवर नुसत्या रेघा ओढायची. धरेल कशी? ती बोटं अजून चिंचोके वेचायची होती, हे आज कळतं. त्या वेळी मला तो तिचा हट्ट वाटायचा. मी बोटांच्या पेरांवर पट्टी मारायचो. फार जोरात नाही, असं मी स्वतःला सांगत असे. एक दिवस ती बसायच्या तरटावर मुतली. वर्ग हसला. मीही हसलो, आणि मधली सुट्टी होईपर्यंत तिला त्याच ओल्या तरटावर बसवून ठेवलं. बाकीच्यांना धडा मिळावा म्हणून. घंटा झाली तेव्हा आक्काताई आत आली, कुणाशी न बोलता तिला उचलून घेऊन गेली, धुऊन, आपल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून परत आणून बसवून गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पंधरवड्यात हौसाचं बोलणं कमी झालं. महिन्यात बंद झालं. वर्गातच नव्हे, घरीसुद्धा. थोरली बहीण मला सांगायला आली की गुरुजी, हौशी जेवायला पण मागत नाही. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, वळण लागतंय. घडी घालून, तोंडावर बोट ठेवून, समोरच्या भिंतीकडं बघत ती तासन्‌तास बसायची. नृसिंहरावांना मी ती कौतुकानं दाखवली होती. जून महिन्यात कशी होती आणि आता बघा म्हणून. लाज वाटते हो हे लिहायला. मास्तरकीत इतका आंधळा झालेला माणूस दुसरा नसेल.

दसऱ्याच्या आधी दिपोटी साहेब आले. वर्ग अगदी चिडीचूप. साहेब खूश. पुढच्या रांगेत हौसा दिसली, म्हणून वाकून त्यांनी प्रेमानं विचारलं की बाळ, नाव काय तुझं?

हौसा उभी राहिली. साहेबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मग तिनं उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान घट्ट धरला. धरून तशीच उभी. शाळेतल्या मोठ्या माणसांना काय हवं असतं, याचं तिच्याजवळ तेवढंच एक उत्तर होतं. आणि तिच्या पायाखालचं तरट ओलं झालं.

साहेब जुने, मुरलेले. त्यांनी तिच्या एकही न पडलेल्या दुधाच्या दातांकडं बघितलं, बोटांकडं बघितलं आणि रजिस्टर मागितलं. सत्तेचाळीसची तारीख वाचली आणि विचारलं की ही पोर सहाची आहे असं कुणी सांगितलं? पटासाठी खोटी तारीख घातली हे सिद्ध झालं तर बदली सोडा, नोकरीच जात होती. साहेबांनी विचारलं की या पोरीची माहिती असलेलं इथं कुणी आहे का. नृसिंहरावांनी आक्काताईला बोलावलं.

ती पदराला हात पुशीत दारात आली. तिला सगळं दिसलं. कान धरून उभी असलेली हौसा, उघडं रजिस्टर, माझं तोंड. आता ही सांगणार, असं मी धरूनच चाललो होतो. आणि सांगितलं असतं तर तिचं काय चुकलं असतं?

"माझंच चुकलं सायेब," ती म्हणाली. "वय म्याच सांगितलं गुरुजींस्नी. नाळ म्या कापलीया, म्हून त्येंनी माझ्यावर इश्वास टाकला. तेवढी पोरगी माझ्यासंगं द्या."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, असंच झालं का, गुरुजी?

मी मान हलवली. हो म्हणूनसुद्धा नाही बोललो, नुसती मान हलवली. तिनं माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं आणि मी मिठाची गुळणी धरून त्याच्या आड उभा राहिलो. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की मला बायकापोरं आहेत, तिला कोण आहे. असल्या समजुतीनं माणसाला झोप लागते, पण आरशात बघवत नाही.

साहेबांनी हौसाचं नाव कमी केलं. ते घाईत कमी केलेलं बरंच, कारण तेवढ्यासाठीच आक्काताई खोटं बोलली होती, हे मला फार उशिरा उमगलं. मला वाचवण्यात तिला काडीचा रस नव्हता. खरं सांगितलं असतं तर चौकशी लागली असती, जबाब झाले असते, आणि तोवर पोरगी त्याच वर्गात बसली असती. तिला ती त्या दिवशी, त्या मिनिटाला बाहेर काढायची होती. कडेवर घेऊन गेली ती मागं न बघता. आठवड्यानं बोर्डाचा कागद आला. खोटी माहिती दिली म्हणून पाणीवाल्या बाईला कमी करावं, आणि पटावर नसलेली मुलं आवारात बसवू नयेत. नृसिंहरावांनी कागद मला वाचायला दिला. मी वाचून परत दिला.

त्यानंतर पिराजी आला. मला वाटलं भांडायला आला असेल, आला असता तर बरं झालं असतं. तो डोक्यावरचं पोतं काढून, हात जोडून म्हणाला की पोरगी मठ्ठ निघाली गुरुजी, तुम्हाला तपासणीत खाली बघायला लावलं, पोटात घाला. आणि मी म्हणालो, असू दे, असू दे. देवाशपथ हेच म्हणालो.

आक्काताई मग चार घरी पाणी भरायला लागली. दुपारचा वेळ रिकामा, तेव्हा तिनं जवळच्या मठाच्या स्वामींना विचारून मागच्या आवारात पोरं जमवायला सुरुवात केली. मी घरी जाताना त्याच बोळातून जायचो. पुढं मी वाट बदलली. पण पिराजी भेटला की हौसाचं विचारायचो, उगीच सहज विचारल्यासारखं. दिवाळी झाली, गप्प. संक्रांत झाली, गप्प. आक्काताई तिला काही शिकवत नव्हती, बोल म्हणून मागंही लागत नव्हती. नुसती कामाला बरोबर न्यायची, तांब्या हातात द्यायची आणि स्वतः तिच्याशी बोलत राहायची, मधे जागा सोडून. शिमग्याच्या सुमारास पिराजी अडतीवरून धावत माझ्याकडं आला. हौशीनं काल पाणी मागितलं, म्हणाला. एवढा मोठा हमाल, डोळे पुसत होता. मी बरं बरं म्हटलं आणि आत जाऊन न्हाणीघरात उभा राहिलो. चूळ भरल्याचं निमित्त करून.

माझा वर्ग तोवर पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, म्हणजे आक्काताई यायच्या आधीसारखा. पडवी रिकामी, मुली पुन्हा गळायला लागलेल्या, नवीन आलेली पोरं भिंतीला धरून रडणारी. मी पट्टी टाकून दिली होती. पण पट्टी टाकली म्हणून लगेच येत नाही ते. मी प्रश्न विचारून थांबायला बघायचो, आणि तिसऱ्या श्वासाला माझाच धीर सुटायचा. तिला जाऊन विचारावं की बाई, हे कसं करायचं, असं शंभरदा मनात आलं. गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

पंचावन्नच्या जूनमध्ये नावं घालायचा पहिला दिवस होता. त्या वर्षी आमच्याकडं विमलाबाई म्हणून नवीन शिक्षिका आल्या होत्या. त्या टेबलाशी रजिस्टर घेऊन बसल्या होत्या आणि मी शेजारी. दारात आक्काताई आली. दोन वर्षांत चांगलीच वाळली होती. बरोबर हौसा, परकर-पोलक्यात, केसांना तेल. दारापर्यंत दोघींचं काहीतरी मोठ्यानं बोलणं चाललेलं मला ऐकू येत होतं. हौसाचा आवाज मी ओळखला. आत पाऊल टाकलं, मी दिसलो, आणि तो आवाज कापल्यासारखा बंद झाला.

विमलाबाईंनी नाव विचारलं. हौसा गप्प. त्यांनी गोड बोलून पुन्हा विचारलं. हौसानं आक्काताईचा पदर मुठीत धरला. तोंड भिंतीकडं वळवलं, मला नीट ओळखीची असलेली तीच नजर. विमलाबाई माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या की अजून तयार नाही वाटतं, पुढच्या वर्षी बघू या का? आणखी एक वर्ष गेलं तर पिराजी तिला बायकोबरोबर शेंगा फोडायला बसवणार, हे मला ठाऊक होतं.

आक्काताई माझ्याकडं वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"गुरुजी, तुमी जरा भायेर हुबं ऱ्हाता? तुमी हाय तवर ती बोलायची न्हाय."

इतक्या वर्षांची नोकरी, आणि पाण्याच्या बाईनं मला माझ्या वर्गाबाहेर जायला सांगितलं. विमलाबाई चपापून माझ्याकडं बघायला लागल्या. मी उठलो. टोपी टेबलावरच राहिली. हौसाच्या जवळून जावं लागू नये म्हणून बाकांच्या मागून वळसा घालून गेलो आणि व्हरांड्यात भिंतीला लागून उभा राहिलो. पालक पोरं घेऊन येत होते, नमस्कार करत होते. मी नमस्कार घेत होतो.

आत बराच वेळ काही नाही. आक्काताईनं कुणाला घाई करू दिली नाही. विमलाबाईंनाही नाही. मग आवाज आला. तोच, सगळ्या शाळेला ऐकू जाणारा. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आळी सांगितली. टेबलावर किती खडू आहेत ते मोजून सांगितले. विमलाबाई हसल्या, लिहायला लागल्या. टाकाचा आवाज बाहेर ऐकू येत होता. माझे डोळे भरून आले. म्हटलं, सुटलो एकदाचा.

तेवढ्यात हौसानं विचारलं, "बाई, त्ये गुरुजी भायेर का हुबं हायती? त्येंनी काय केलंय?"

आत कुणीच काही बोललं नाही. आक्काताई बोलली असती तर चाललं असतं, पण तीही बोलली नाही. मला कुणी आत बोलावीपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.